मुलाला खासगी केंद्रात ठेवण्याआधी पैशाचं गणित कसं तपासावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातले आणि पिंपरी-चिंचवडमधले पालक ‘मुलगा हाताबाहेर गेलाय, एका केंद्राचा नंबर मिळालाय, ठेवू का?’ असं विचारतात. त्यानंतर जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. घाईत असाल तर आधी ८, ९ आणि १२ वाचा. मूल सध्या केंद्रात असेल तर थेट १७ वर जा.

१. अशी केंद्रं म्हणजे नेमकं काय? सरकारी सुधारगृहापेक्षा ती वेगळी कशी?

पाट्या वेगवेगळ्या असतात: व्यसनमुक्ती केंद्र, पुनर्वसन केंद्र, वर्तन सुधार केंद्र, निवासी शिस्त शिबिर. कायदा पाटी बघत नाही, आत काय चालतं ते बघतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार दारू किंवा अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेल्या मानसिक अवस्थाही मानसिक आजारात मोडतात. असे रुग्ण जिथे उपचारासाठी राहतात ती जागा ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ ठरते. तिथे आयुर्वेद, योग किंवा निसर्गोपचार चालत असला तरी फरक पडत नाही. ‘आमचं हॉस्पिटल नाही, आश्रम आहे’ हे उत्तर म्हणून चालत नाही.

लोक ज्याला सुधारगृह म्हणतात ती निरीक्षणगृहं आणि बालगृहं बाल न्याय कायदा २०१५ खाली येतात. तिथे मूल बाल न्याय मंडळ किंवा बाल कल्याण समितीच्या आदेशाने जातं. आईवडिलांनी पैसे भरून तिथे ठेवण्याची सोय नाही.

२. दवाखानाही नफा कमावतो. मग इथे नफ्याची एवढी चर्चा का?

नफा हा गुन्हा नाही. पण दातांच्या डॉक्टरकडे दुखतं तुम्हाला, पैसे देता तुम्ही आणि बरं वाटलं की नाही हेही तुम्हालाच कळतं. या केंद्रांत पैसे देणारा बाहेर असतो, उपचार घेणारा आत असतो आणि दोघांमधला निरोप केंद्राच्या हातात असतो. मुलाला उठून निघून जाता येत नाही. त्याने तक्रार केली तर ‘व्यसनी पोरं खोटंच बोलतात’ असं पालकांना आधीच सांगून ठेवलेलं असतं. त्यात बिल दिवसांवर किंवा महिन्यांवर निघतं, सुधारणेवर निघत नाही. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की सज्जन चालकालाही चुकीच्या बाजूला ओढ बसते, आणि सगळेच चालक सज्जन नसतात.

३. केंद्राचं आर्थिक गणित नेमकं कसं असतं?

समजण्यापुरते आकडे धरू. शहराबाहेर भाड्याचा बंगला, ३० खाटा, महिना फी २५,००० रुपये. सगळ्या खाटा भरल्या तर महिन्याला साडेसात लाख येतात. खर्च असा धरा: भाडं १ लाख, जेवण माणशी रोज १५० रुपये म्हणजे १ लाख ३५ हजार, वीज, औषधं, गाडी आणि किरकोळ मिळून ६० हजार, आणि तीन पाळ्यांचे सेवक, नर्स, समुपदेशक व भेटीला येणारे मानसोपचारतज्ज्ञ मिळून साडेतीन लाख. एकूण ६ लाख ४५ हजार. उरतात १ लाख ५ हजार.

आता पाच खाटा रिकाम्या ठेवून पाहा. उत्पन्न सव्वासहा लाखांवर येतं, जेवणाचे फक्त साडेबावीस हजार वाचतात आणि हातात अडीच हजार उरतात. दहा रिकाम्या राहिल्या तर दरमहा १ लाखाचा तोटा. भाडं आणि पगार थांबत नाहीत, म्हणून एक खाट रिकामी पडली की मालकाचे साधारण २०,५०० रुपये जातात. ‘अजून थोडे दिवस राहू द्या’ या वाक्याची किंमत तेवढी आहे.

दुसरी वाट पगाराची. साडेतीन लाखांचे पावणेदोन लाख केले की भरलेल्या केंद्राचा नफा १ लाख ५ हजारांवरून २ लाख ८० हजारांवर जातो. दुसऱ्या कुठल्याही खर्चाला कात्री लावून एवढं हाती लागत नाही. मग रात्रपाळीला तीस मुलांमागे दोन सेवक उरतात, प्रशिक्षित नर्सच्या जागी केंद्रातच बरा झालेला जुना रुग्ण ‘सीनियर’ म्हणून उभा राहतो, समुपदेशन म्हणजे सकाळी मोठ्याने प्रार्थना आणि संध्याकाळी गटात बसून कबुली एवढंच राहतं. माणसं कमी पडली की मुलांना आवरायला कुलूप, दोरी आणि झोपेचं औषध पुढे येतं. मारहाणीच्या बातम्यांमागे अनेकदा राक्षसी माणूस सापडत नाही, वाचवलेले पगार सापडतात.

४. ‘मुलगा अजून तयार नाही, आणखी तीन महिने ठेवा’ असं सांगतात. ऐकावं का?

आधी कारण लेखी मागा. दाखल करताना कोणती लक्षणं होती, आज त्यातली कोणती उरली आहेत, पुढच्या तीन महिन्यांत काय वेगळं करणार आणि कोणती गोष्ट दिसली की घरी सोडणार, हे सगळं मानसोपचारतज्ज्ञाच्या सहीने मिळायला हवं. ‘अजून ॲटिट्यूड आहे’ हे वैद्यकीय कारण नव्हे. सोळा वर्षांच्या मुलाला कोंडल्यावर राग येणारच. तो राग आजाराचा पुरावा म्हणून दाखवला, तर मुक्काम कधीच संपणार नाही.

नवं मूल आणायला जाहिरात आणि कमिशन लागतं (प्रश्न ५ पाहा). आत असलेलं मूल ठेवायला जेवणापलीकडे काहीच लागत नाही. मुदत संपत आली की ‘बिघाड’ वाढल्याचे फोन येऊ लागले, तर दुसऱ्या, केंद्राशी संबंध नसलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या.

५. आम्हाला ओळखीच्या माणसाने केंद्र सुचवलं. त्याला कमिशन मिळत असेल का?

शक्य आहे, आणि विचारायला लाजू नका. इंटरनेटवर ‘पुण्यातलं उत्तम केंद्र’ शोधल्यावर जो मोफत सल्ला देणारा नंबर मिळतो, तो बऱ्याचदा मूल दाखल करून देण्याचे पैसे घेणारा मध्यस्थ असतो. तीन वेगळी लक्षणं सांगून पाहा. तिन्ही वेळा एकाच केंद्राचं नाव आलं तर समजा. डॉक्टरांना मात्र रुग्ण पाठवल्याबद्दल ‘कट’ घेण्याची सक्त मनाई आहे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत ती स्पष्ट लिहिली आहे, आणि तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते.

६. हे सगळं अमेरिकेत घडतं असं वाचलं. तिथे नेमकं काय झालं?

तिथे हा धंदा साठ वर्षांहून जुना आहे, म्हणून त्याचा शेवट कुठे होतो तेही दिसतं. १९५८ साली कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्ती संस्था सुरू झाली. एका माणसाला मध्ये बसवून सगळ्यांनी त्याच्यावर तुटून पडायचं, ही तिची पद्धत. १९६७ मधल्या सीडू शाळांनी आणि १९७६ ते १९९३ चाललेल्या स्ट्रेट या संस्थेने तीच रीत किशोरवयीन मुलांवर आणली. पुढे मोठा पैसा आला. किशोरांच्या केंद्रांची साखळी असलेला ॲस्पेन एज्युकेशन ग्रुप २००६ मध्ये सीआरसी हेल्थने घेतला, सीआरसी त्याच वर्षी बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीकडे गेली आणि २०१५ मध्ये ती अकेडिया हेल्थकेअरने विकत घेतली. दर हातबदलाला नव्या मालकाला आपलं भांडवल वसूल करायचं असतं, आणि ते करायच्या दोनच जागा आहेत: भरलेल्या खाटा आणि कमी पगार.

२००७ मध्ये अमेरिकी सरकारच्या लेखापाल कार्यालयाने संसदेपुढे अशा केंद्रांतल्या मृत्यूंची दहा प्रकरणं उलगडून मांडली. २०२० मध्ये मिशिगनमधल्या एका केंद्रात सँडविच फेकल्यावरून कर्मचाऱ्यांनी सोळा वर्षांच्या मुलाला जमिनीवर दाबून धरलं आणि तो गेला. जून २०२४ मध्ये सिनेटच्या अर्थ समितीने चार मोठ्या कंपन्यांवर अहवाल दिला. हे अत्याचार तुरळक अपघात नसून खाटा भरायच्या आणि माणसं कमी ठेवायची या व्यवसायाच्या रचनेतूनच येतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये याबाबतचा कायदा झाला, पण त्याचा भर अभ्यास आणि शिफारशींवर आहे.

कमिशनचं टोक पाहायचं तर पेन्सिल्व्हेनियातलं प्रकरण आहे. तिथल्या दोन न्यायाधीशांनी खासगी बालसुधार केंद्रांशी संबंधित लोकांकडून २८ लाख डॉलर घेतले आणि किरकोळ खोड्यांसाठी मुलांना तिथे पाठवलं. दोघांनाही शिक्षा झाली.

७. आम्ही पाहिलेलं केंद्र धर्मादाय ट्रस्ट आहे. तिथे नफ्याचा प्रश्नच नाही ना?

आहे. ट्रस्टला नफा वाटून घेता येत नाही, पण पैसा बाहेर जायच्या वाटा बऱ्याच आहेत: विश्वस्ताचाच बंगला चढ्या भाड्याने घेणं, घरच्यांना पगारावर ठेवणं, किराणा नातेवाइकाच्या दुकानातून आणणं. अमेरिकेतल्या अहवालातल्या चार संस्थांपैकी एक ना-नफा होती. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी किंवा ८०जी (देणगीवरच्या करसवलतीचं) प्रमाणपत्र हा उपचार करण्याचा परवाना नाही. ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात पाहता येतात. त्यात भाडं कोणाला जातं तेवढी एक ओळ शोधा.

८. केंद्र नोंदणीकृत आहे हे कसं ओळखायचं?

दाराशी गेल्यावर भिंत बघा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र मागा आणि त्यावरचं नाव, पत्ता आणि मुदत जुळवा. तात्पुरती नोंदणी १२ महिन्यांची असते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीचं तात्पुरतं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं असेल तर ते निरुपयोगी आहे. मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाचा पत्ता आणि फोन ठळक जागी लावणं कायद्याने बंधनकारक आहे. तो लावलेला नसेल तर आतल्या मुलाला दाद मागायची वाट दाखवायची केंद्राची इच्छा नाही, असं धरून चाला.

आयएसओ प्रमाणपत्र, दुकान परवाना, उद्यम नोंदणी आणि नेत्यांसोबतचे फोटो यांचा इथे काही उपयोग नाही.

नोंदणीविना केंद्र चालवल्यास पहिल्यांदा ५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. प्रश्न ३ मधल्या हिशेबाशी ताडून पाहा: पहिल्या दंडाची किमान रक्कम म्हणजे एका खाटेची सहा दिवसांची फी. दंडाच्या भीतीने कोणी सुधारेल या भरवशावर राहू नका.

९. अल्पवयीन मुलाला दाखल करायला फक्त आमची सही पुरते का?

नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८७ नुसार अर्ज पालकाचा, पण निर्णय तपासणीचा. दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर यांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत मुलाला स्वतंत्रपणे तपासायला हवं. आजार दाखल करण्याइतका गंभीर आहे, दाखल होणं मुलाच्या हिताचं आहे आणि घराजवळचे उपाय फसले आहेत किंवा उघडच लागू पडणारे नाहीत, हे दोघांनाही पटायला हवं. मुलाची इच्छा विचारात घ्यायची असते.

पुढचं आणखी महत्त्वाचं. मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं. पालक किंवा पालकाने नेमलेली व्यक्ती पूर्ण मुक्काम मुलासोबत राहायची. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल तर सोबत स्त्री हवी. दाखल केल्याची खबर ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला द्यायची, आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाने आढावा घ्यायचा, नंतर दर ३० दिवसांनी. पालकाने संमती काढून घेतली की मुलाला सोडावं लागतं. सहा महिन्यांचं पॅकेज आगाऊ विकणारा माणूस या सगळ्याकडे काणाडोळा करूनच ते विकतो.

१०. ते घरी येऊन मुलाला घेऊन जातो म्हणतात. हे योग्य आहे का?

रात्री गाडी घेऊन चार माणसं यायची, झोपेतल्या मुलाला उचलायचं आणि त्याचे वेगळे पैसे लावायचे, असा प्रकार चालतो. त्याला ‘पिकअप’ म्हणतात. आधी तपासणी आणि मग दाखल करणं हा क्रम त्यात उलटा होतो. धरपकडीत जीव जाऊ शकतो, विशेषतः मुलाने दारू किंवा गोळ्या घेतल्या असतील आणि त्याला पालथं दाबून धरलं असेल तर. आणि आईवडिलांच्या देखत उचलून नेलेलं मूल पुढे त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. मूल स्वतःला किंवा इतरांना इजा करत असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि रुग्णालयात न्या.

११. ‘पहिले ४० दिवस भेट नाही, फोन नाही’ हा नियम आहे. उपचाराचा भाग असेल ना?

कायदा याच्या नेमका उलट सांगतो (प्रश्न ९ मधली सोबतीची अट पाहा). शिवाय दाखल असलेल्या व्यक्तीला भेटी, फोन आणि पत्रव्यवहाराचा हक्क आहे. ४० दिवसांची बंदी केंद्राच्या सोयीची असते: वळ बुजतात, वजन थोडं सावरतं आणि दोन महिन्यांची फी वसूल होते. फोन स्पीकरवर, सेवकासमोर करून देत असतील तर त्याला बोलणं म्हणता येणार नाही.

१२. पैसे भरण्याआधी काय लिहून घ्यावं?

महिन्याच्या फीत काय येतं आणि काय वेगळं, ते ओळीओळीने. औषधं, रक्त-लघवी तपासण्या, तज्ज्ञांची भेट, ‘पिकअप’, कपडे धुणं हे सगळं नंतर बिलात उगवतं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा, किती वेळ येतात, त्यांचं नाव आणि नोंदणी क्रमांक. रात्री दहानंतर ड्युटीवर किती माणसं आणि त्यांत नर्स किती. हा एक प्रश्न सगळ्या माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगतो. जमल्यास रात्रीच जाऊन बघा.

एक महिन्यापेक्षा जास्त आगाऊ भरू नका. ‘सहा महिन्यांचे एकदम भरा, वीस टक्के सूट’ ही सूट तुमचं मूल लवकर बरं होऊ नये यासाठी दिलेली आहे. लवकर नेल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील ते लिहून घ्या. रोख दिलेत तर पावती घ्या, पावती नसेल तर पुढे प्रश्न १५ मधलं काहीच जमणार नाही.

कोरे फॉर्म आणि ‘काही झाल्यास केंद्र जबाबदार नाही’ या मजकुरावर सही करू नका. केली असेल तरी निष्काळजीपणाची किंवा मारहाणीची जबाबदारी त्या कागदाने पुसली जात नाही.

१३. आरोग्य विम्यात हा खर्च मिळेल का?

मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यावा, असं २०१७ चा कायदा सांगतो. पण अनेक पॉलिसींत व्यसनावरचे उपचार आणि निव्वळ विश्रांती किंवा पुनर्वसनासाठीचा मुक्काम वगळलेला असतो. ‘दुसऱ्या आजाराच्या नावाने बिल करून देतो’ असं केंद्र म्हणालं तर नकार द्या. दावा तुमच्या नावाने जातो, त्यामुळे अडकाल तुम्ही. शिवाय मुलाच्या कागदांवर नसलेला आजार कायमचा बसतो.

१४. मुलाला व्यसन नाही. मोबाइल सोडत नाही, उलट बोलतो, मुलीचं जातीबाहेर प्रेम आहे. केंद्र घेतो म्हणतंय.

घेतो म्हणणारच, खाट रिकामी आहे. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक चालीरीतींशी न जुळणं हा मानसिक आजार ठरवण्याचा आधार होऊ शकत नाही, असं कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. प्रेम, समलैंगिकता, नापास होणं, देव न मानणं यांवर निवासी उपचार नाहीत. समलैंगिकता ‘बदलण्याचा’ उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे.

मोबाइल आणि चिडचिडीमागे नैराश्य, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता), शाळेतला छळ किंवा लैंगिक अत्याचारही असू शकतो. त्यासाठी घरी राहून, आईवडिलांना सोबत बसवून केलेले उपचार आधी करायचे. अशी मुलं नशा करणाऱ्या मोठ्या मुलांत टाकली तर ती तिथे नशा शिकतात.

१५. पैसे परत मागायचे असतील तर?

लेखी मागणी करा, मग जिल्हा ग्राहक आयोग. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्ह्यात चालते आणि ५ लाखांपर्यंत शुल्क नाही. मुदत दोन वर्षं, वकील सक्तीचा नाही. एक अपवाद ध्यानात ठेवा: करारच अन्यायकारक आहे (अवाजवी डिपॉझिट, एकतर्फी दंड) अशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. मुलाच्या उपचारांची कागदपत्रं मागणं हा हक्क आहे, ती आधी मिळवा.

१६. मग सगळी केंद्रं टाळायची का? आणि मुलगा १८ चा झाला असेल तर?

टाळायची नाहीत. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम थांबवली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊन जीव धोक्यात येतो. तिथे चोवीस तास वैद्यकीय देखरेख लागतेच, आणि ती ज्या बंगल्यात डॉक्टर नाही तिथे मिळत नाही. आत्महत्येचा प्रयत्न किंवा भास-भ्रम असेल तर रुग्णालयच हवं. पुण्यात ससूनचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय हे सरकारी पर्याय आहेत. येरवड्यातच १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करतं. केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रंही आहेत, त्यांची माहिती १४४४६ वर मिळते. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर (१४४१६) मराठीत बोलता येतं.

अठरा पूर्ण झाल्यावर आईवडिलांची सही संपते. तो स्वतःच्या मर्जीने दाखल होतो आणि मागेल तेव्हा डिस्चार्ज घेऊ शकतो, तपासणीसाठी फार तर २४ तास थांबवता येतं. मर्जीविरुद्ध ठेवायचं तर कलम ८९ ची तपासणी, इजेच्या धोक्याची अट आणि ३० दिवसांची मर्यादा आहे. ‘बाप पैसे भरतोय’ हा आधार कायद्यात नाही.

१७. मूल आत आहे, भेटू देत नाहीत आणि मारहाणीचा संशय आहे. आज काय करू?

आजच जा, दोन जणांनी जा, सोबत मुलाचा जन्मदाखला आणि भरलेल्या पैशांच्या पावत्या घ्या. ‘मी संमती मागे घेत आहे, मुलाला ताब्यात द्या’ असं तारीख-वेळ घालून लिहा, एक प्रत देऊन दुसरीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच मजकूर केंद्राच्या नंबरवर व्हॉट्सॲप करा. थकलेल्या फीसाठी मूल अडवता येत नाही, हिशेब नंतर होईल.

दार उघडलं नाही तर तिथूनच ११२ (पोलीस) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) ला फोन करा. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण ही पोलीस दलं वेगळी आहेत. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर झीरो एफआयआर (हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार) घ्या असं सांगा. साखळीने बांधणं, एकांतात कोंडणं आणि शिक्षा म्हणून बांधून ठेवणं बेकायदा आहे. मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या चालकाने किंवा कर्मचाऱ्याने क्रूरता केली तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) खाली पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे.

बाहेर आल्यावर घरी नेऊन आंघोळ घालू नका. आधी सरकारी रुग्णालयात वैद्यकीय तपासणी, अंगावरच्या खुणांचे तारखेसह फोटो, अंगातले कपडे कागदी पिशवीत. कोणत्या गोळ्या दिल्या ते कळलं नाही तर डॉक्टरांना तसं सांगा, अचानक थांबवल्याने त्रास होणारी औषधंही असतात. त्यानंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे (प्रश्न ८) तक्रार. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो.